ओसरीवरची विद्या आणि सरकारचा आणा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांकडे आजचा समाज काहीशा विस्मयाने आणि बऱ्याचशा संशयाने पाहतो. परंतु कऱ्हा, नीरा आणि भीमा या तीन नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या बारामती आणि इंदापूर या मुलखाचा पूर्वेतिहास चाळू लागले, म्हणजे ध्यानात येते की विस्मय वाटावयाचा तर तो शाळेविषयी वाटला पाहिजे. घर ही विद्येची जुनी जागा असून शाळा ही तिथे मागाहून आलेली, सरकारी तनख्यावर राहणारी पाहुणी होय.

बारामतीचे उदाहरण तर डोळ्यांपुढेच आहे. पेशव्यांचे सोयरे असलेले आणि पेशवेपदावर नजर ठेवण्याइतकी ऐपत बाळगणारे सावकार बाबूजी नाईक यांच्या आश्रयास पन्हाळ्याहून आलेले मोरोपंत पराडकर हे १७९४ साली देहावसान होईपर्यंत त्याच गावी राहिले. पन्हाळ्यास पाध्ये बंधूंच्या पायाशी बसून त्यांनी काव्यशास्त्राचे अध्ययन केले होते आणि इकडे नाईकांच्या वाड्यात पुराण सांगून त्यांनी आपल्या विद्येचे चीज केले. शिकले ते गुरुगृही, सांगितले ते धन्याच्या घरी. या सबंध व्यवहारात सरकारी दप्तराचा कागद कोठेही आडवा आला नाही. एक खाजगी सावकार, एक आश्रित पंडित आणि त्या दोघांमधील परस्परांच्या गरजेचा संबंध एवढ्यावर मराठीतील एका प्रचंड काव्यराशीची इमारत उभी राहिली.

अर्थात प्रत्येक गावाला नाईक नव्हते, आणि मोरोपंत तर नव्हतेच नव्हते. सामान्य कुळंबी, वाणी, कुलकर्णी यांच्या पोरांसाठी पंतोजी होता. एखाद्या गृहस्थाच्या ओसरीवर, देवळाच्या मंडपात किंवा चावडीच्या कडेला त्याची शाळा भरे. धुळपाटीवर अक्षरे गिरवावी, ओनामा म्हणावा, पाढ्यांमागून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी घोकावी, मोडीचे वळण बसवावे आणि दिवेलागणीला परवचा म्हणून घरी जावे, असा तेथील क्रम असे. मोबदला बहुधा धान्याचा, शिध्याचा, सणावारी मिळणाऱ्या चिजवस्तूंचा. पंतोजीचा निकाल लावण्यास परीक्षक नेमलेला नसे. पोराला हुंडी वाचता आली, घेण्यादेण्याचा हिशेब जमला, की बापाचे समाधान होई, आणि न जमला तर पुढल्या सुगीला शिधा आटे. ही जबाबदारी कडक होती, पण तिच्या कक्षेत कोण येत होते हेही सांगितले पाहिजे. मुलींना त्या ओसरीवर बहुतेक स्थान नव्हते, आणि ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई त्यांना तर ओसरीची पायरीही वर्ज्य होती. जुन्या गृहशिक्षणाचे गोडवे गाणारांनी ही गोष्ट नजरेआड करावी, हे मला सभ्यपणाचे वाटत नाही.

सरकारी द्रव्याने विद्या पोसण्याची कल्पना पेशवाईतही होती. श्रावणातील दक्षिणा ही तिचीच परिणती. परंतु ते द्रव्य विद्वान ब्राह्मणाच्या ओंजळीत पडे, कुणब्याच्या मुलाशी त्याचा सुतराम संबंध नव्हता. कंपनी सरकारने त्या पैशाला नवी वाट दिली, १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली आणि पुढे दक्षिणेचा काही भाग पारितोषिकांकडे वळवला. तरी खेड्यातील पंतोजीला त्याचा लाभ झाला असे म्हणता येणार नाही.

त्याला सरकार भेटले ते निराळ्या, जमाबंदीच्या वाटेने. कंपनीच्या प्रिंगलसाहेबाने १८३० च्या सुमारास बसवलेली जमाबंदी रयतेच्या पाठीवर इतकी जड झाली, की इंदापुरात जमिनी ओस पडू लागल्या. तेव्हा गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास याच तालुक्यात नव्याने मोजणी आरंभली. आकार हलका करून तो तीस वर्षांसाठी कायम करण्याची जी पद्धत पुढे सबंध मुंबई इलाख्याने स्वीकारली, तिचा पहिला प्रयोग इंदापूरच्या काळ्याबरड रानावर झाला. त्याच सुमारास बारामतीशेजारच्या पुरंदर तालुक्यात कॅप्टन शॉर्टरीड याने ६३ प्राथमिक शाळा उभारल्या. जुन्या गावठी शाळेचाच साचा, अल्प वेतनाचे मास्तर, मात्र पैसा सरकारी.

मोजणी आणि शाळा यांचा सांधा पंचवीसेक वर्षांनी जुळला. सारा ठरला, म्हणजे त्यावर चढवावयाचा कर ठरवणे सोपे. १८६० नंतरच्या दशकात साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून बसवण्यात आला, आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांकरिता राखला गेला. शेतकऱ्याच्या घरातील मूल शिको वा न शिको, त्याच्या शेतातून शिक्षणाचा पैसा निघू लागला. पूर्वीचा बाप शिधा देई आणि विद्या मागे; आता तो आणा देई, आणि विद्येची चौकशी करण्याचा हक्क शिक्षणखात्याच्या डेप्युटी साहेबाकडे गेला. १८८२ च्या हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी जी तक्रार गुदरली, तिचा मथितार्थ हाच होता, की महसूल कष्टकरी रयतेच्या श्रमातून निघतो आणि शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्गाकडे जातो. आण्याचा हिशेब त्यांच्याइतका कोणी मांडला नाही.

ज्याचा विश्वास आकड्यांवर बसला होता अशा शिक्षणखात्याने त्याच काळात अनुदानाची एक नवी रीत काढली: परीक्षेत जितकी मुले उतरतील तितके द्रव्य. हे अनुदान पदरात पाडून घ्यावयाचे तर हजेरीपट ठेवला पाहिजे, इयत्ता पाडल्या पाहिजेत, बालबोध क्रमिक पुस्तके वापरली पाहिजेत, आणि तपासणीच्या दिवशी पोरे धुऊन-पुसून रांगेत बसवली पाहिजेत. अशा अटी स्वीकारणारा पंतोजी मास्तर झाला. ज्याला त्या झेपल्या नाहीत तो हळूहळू नाहीसा झाला.

या घडामोडी चालू असतानाच, १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात आणि त्या काळी भीमथडीत असलेल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली आणि खतपत्रे हिसकावून जाळली. दंग्याची कारणे इतिहासकारांनी कापसाच्या भावापासून जमाबंदीच्या फेरआकारणीपर्यंत अनेक सांगितली आहेत आणि ती खरीही आहेत. परंतु जो कागद आपल्याला वाचता येत नाही त्याखाली आपला अंगठा आहे, ही जाणीव त्या रागात नव्हती असे मानणे कठीण. दंग्यानंतर आलेल्या १८७९ च्या कायद्याने खते गावच्या निबंधकापुढे लिहिण्याची सक्ती केली. वाचता न येणाऱ्याला वाचणारा सरकारी माणूस मिळाला, वाचता येण्याची सोय मात्र त्या रेट्याने झाली नाही.

घरी शिकवणाऱ्यांना सरकारी पैसा मिळावा का, हा आजचा प्रश्न या पूर्वपीठिकेवर ठेवला म्हणजे त्याची रेषा स्पष्ट होते. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याने २०११ साली प्रथम दिव्यांग मुलांसाठी आणि २०२२ साली सर्वांसाठी अशी तजवीज केली, की सरकारने मुलाच्या शिक्षणाचा पैसा शाळेला न देता पालकाच्या ताब्यातील खात्यात भरावा आणि त्याने तो पुस्तके, शिकवणी वा शुल्क यांवर खर्चावा. तेथील कायद्याची खुबी अशी, की जो पालक हा पैसा घेतो त्याला घरी शिकवणारा म्हणून केलेली नोंद रद्द करावी लागते; मूल त्याच टेबलाशी बसते, कागदावर मात्र ते गृहशिक्षणातून वजा होते. पंतोजीला हा करार लगेच समजला असता.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांतील प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या आणि त्यांचे शुल्क सरकार भरते. परंतु ती प्रतिपूर्ती शाळेला मिळते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये २५ टक्क्यांच्या या नियमाला बगल देण्याचा जो प्रयत्न केला तो मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये रद्द ठरवला, हे ठीकच झाले. घरच्या शिक्षणाचे नाव हा कायदा २०१२ च्या दुरुस्तीत एकदाच घेतो, तेही गंभीर दिव्यांगत्व असलेल्या मुलांपुरते. बाकीच्या गृहशिक्षितांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा आसरा घ्यावा, नाहीतर दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसावे. सरकारचा एक पैसा त्यांना मिळत नाही, आणि घरात डोकावण्याचा अधिकारही सरकारने अद्याप मागितलेला नाही. यांपैकी पहिली गोष्ट बदलली तर दुसरी किती दिवस टिकेल, याविषयी माझा आशावाद फार नाही.

पण या मुलखात शाळेबाहेर वाढणारे सर्वांत मोठे विद्यार्थीमंडळ घरी शिकवणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांचे नाहीच. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या हंगामाला बीड-नगरकडून कोयता घेऊन येणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि पोरांसह कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, येऊन उतरतात. त्यांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, जातील तेथील शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रके निघाली आणि पालक ऊसतोडीला गेल्यावर मूल गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे काढण्यात आली. या वसतिगृहांचे अनुदान मुलागणिक मिळते, मुलाचे जेवण शाळेत होते, आणि पुष्कळ ठिकाणी रात्री ते मूल आजीच्या घरी झोपते. पैसा शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जमा होतो. आजीच्या नावे त्या योजनेत कोणतेही खाते नाही.