साठ लाखांचे नाव

मल्लाचे बळ त्याच्या दंडात असते. पण त्याचा भाव ठरतो तो लोकांच्या तोंडी असलेल्या नावावरून. फड भरविणाऱ्याला हे नाव हवेच असते, कारण तिकिटे नावावर खपतात. यात वावगे काही नाही. मात्र नावाचे मोल झुंजीच्या मोलापेक्षा वाढले म्हणजे काय घडते, हे पाहावयाचे असेल तर २६ जून १९७६ या दिवशी टोकियोच्या बुदोकान सभागृहात जे झाले ते आठवावे.

त्या दिवशी एका बाजूला होता मुष्टियुद्धातील जगज्जेता मुहंमद अली. दुसऱ्या बाजूला जपानचा लाडका कुस्तीगीर अन्तोनिओ इनोकी. इनोकीची कुस्ती आधी ठरवून खेळली जाणारी. कोण पडणार हे आत पक्के झालेले असे. लोक तिला नाटक म्हणून हिणवीत. १९७२ साली त्याने स्वतःची कुस्ती कंपनी काढली होती. जगातल्या सर्वांत मोठ्या नावाशी आपण झुंजलो, तर आपल्या कुस्तीला कोणी खोटी म्हणणार नाही आणि कंपनीचीही भरभराट होईल, असा त्याचा दुहेरी हिशोब होता. त्यापायी अलीला साठ लाख डॉलर द्यावयाचे कबूल झाले.

साठ लाखांत अली मिळाला खरा; पण त्याचबरोबर त्याचे नाव जपण्याची काळजीही गळ्यात पडली. जगज्जेता एका कुस्तीगिराकडून चीत झाला, तर त्याच्या पुढच्या लढतींचे काय? आणि इनोकी एकाच ठोशात आडवा झाला, तर त्याच्या कंपनीचे काय? झुंज ठरवून करावी की खरी, यावर खल झाला. अखेर ती खरी होणार असे ठरले, आणि मग नियमांवर घासाघीस सुरू झाली. कुस्तीगिराचा एकेक डाव वर्ज्य होत गेला. शेवटी त्याच्यापाशी हुकमी असे फारसे काही उरले नाही.

घंटा झाली. इनोकी धावत आला आणि चक्क उताणा पडला! पडल्यापडल्या तो अलीच्या पायांवर लाथा मारू लागला. पडलेल्याला ठोसा मारता येईना, आणि उठावे तर ठोसा बसणार म्हणून इनोकी उठेना. पंधरा फेऱ्या बव्हंशी याच थाटात पार पडल्या. अलीच्या हातून निघालेले ठोसे बोटांवर मोजण्याइतके. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये तीस हजारांवर माणसे हीच झुंज पडद्यावर पाहावयास जमली होती. निकाल लागला बरोबरीचा. बुदोकानमधील प्रेक्षकांनी हाती लागेल तो कचरा भिरकावून आपला राग व्यक्त केला. अलीच्या पायात रक्ताच्या गुठळ्या होऊन त्याला रुग्णालयात जावे लागले, आणि कबूल केलेली सगळी रक्कमही त्याच्या पदरात पडली नाही. इनोकीच्या कंपनीवर तर कर्जाचा डोंगर झाला.

जमिनीला चिकटून वेळ काढण्याची ही युक्ती नवी नव्हती. १९१० साली लंडनमध्ये आपल्या गामाशी पडलेल्या कुस्तीत झ्बिश्को अडीच तासांहून अधिक वेळ मातीला खिळून राहावा तसा गादीला खिळून राहिला होता. पुढे १९२८ साली पतियाळात गामाने त्याला मिनिटभरही टिकू दिले नाही. योगायोग असा, की अलीशी बरोबरी करून सहा महिने होतात न होतात तोच इनोकी कराचीत उतरला तो गामाचाच पुतण्या अक्रम पहिलवान याच्यासमोर. येथे साठ लाखांचे ओझे नव्हते. इनोकीने अक्रमचा हात असा पिरगळला, की झुंज तिथेच थांबवावी लागली.

परंतु बुदोकानमध्ये एक प्रश्न तसाच लोंबकळत राहिला होता. ठोसेवाला श्रेष्ठ की पकडवाला? त्याचे उत्तर १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे यूएफसीच्या पहिल्या स्पर्धेत मिळाले. स्पर्धेच्या जनकांपैकी एक असलेल्या रोरियन ग्रेसीने आपल्या घराण्यातील दांडगा गडी मुद्दाम बाजूला ठेवला आणि रॉयस हा सडपातळ भाऊ पुढे केला. किरकोळ अंगाचा माणूस जिंकला तर आपल्या विद्येचे नाव होईल, हा त्यामागचा व्यापार. नियम मोजकेच होते. रॉयसने एका रात्रीत तिघांना शरण आणले. त्यांपैकी केन शॅमरॉक हा जपानच्या ज्या पॅन्क्रेस आखाड्यातून आला होता, तो इनोकीच्या कंपनीत तयार झालेल्या मल्लांनीच उभा केलेला होता.

म्हणजे धंद्याचा हिशोब दोन्हीकडे होताच. टोकियोत नाव आधी विकत घेतले आणि मग त्याला सांभाळतील असे नियम केले. डेन्व्हरला नियम सैल सोडले आणि नाव झुंजीतून जन्मले. पुढे त्याही खेळात नावांचे बाजारभाव चढले. सप्टेंबर २०२३ मध्ये तर यूएफसी आणि ठरवून खेळल्या जाणाऱ्या कुस्तीची डब्ल्यूडब्ल्यूई या दोन्ही संस्था एकाच कंपनीच्या छत्राखाली आल्या. गल्ला एक झाला.

तेव्हा कोठलीही मोठी जोड जाहीर झाली, की भित्तिपत्रकावरील चेहरे डोळे भरून पाहावेत. पण तिकिटाला पैसे मोजण्यापूर्वी एवढे विचारावे, की या झुंजीचे नियम कोणी केले, आणि कोणाला वाचविण्यासाठी केले?