टोनी रोल्ट : कैदेतून ले मान्सच्या विजयापर्यंत

मोटार शर्यतींच्या जगात एक किस्सा गेली सत्तर वर्षे चवीने सांगितला जातो. १९५३च्या जून महिन्यात फ्रान्समधील ले मान्स येथे होणाऱ्या चोवीस तासांच्या शर्यतीपूर्वी जग्वार संघातील दोन ब्रिटिश चालकांना बाद ठरविण्यात आले. सराव चालू असताना एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या एकाच वेळी मार्गावर आल्या, हे त्याचे कारण. निराश झालेल्या दोघांनी रात्र मद्यालयात घालविली. सकाळी समजले की कंपनीने दंड भरला असून त्यांना पुन्हा प्रवेश मिळाला आहे. मग नशा पुरती उतरलेली नसतानाच ते गाडीत बसले आणि चक्क शर्यत जिंकून मोकळे झाले.

किस्सा सांगणारे होते डंकन हॅमिल्टन, गप्पांचे फड रंगविणारे गृहस्थ. त्यांचे जोडीदार होते मेजर टोनी रोल्ट. रोल्ट यांनी ही कथा कधी मान्य केली नाही. जग्वार संघाचे व्यवस्थापक लॉफ्टी इंग्लंड यांनीही ती धुडकावून लावली. मद्य घेतलेल्या माणसाच्या हाती आपण गाडी दिलीच नसती, असे त्यांचे म्हणणे होते. पण खुलाशापेक्षा किस्साच अधिक टिकतो. त्यामुळे युद्धात दोनदा शौर्यपदक मिळविणारा, सात वेळा कैदेतून निसटण्याचा प्रयत्न करणारा आणि मोटारीच्या चारही चाकांना शक्ती पुरविण्याच्या तंत्रासाठी उमेदीची वर्षे खर्चणारा हा माणूस अनेकांना केवळ एका रात्रीच्या मद्यपानामुळे ठाऊक आहे. हा त्याच्यावरील अन्यायच म्हणावा लागेल.

अँथनी पीटर रॉयलन्स रोल्ट यांचा जन्म १६ ऑक्टोबर १९१८ रोजी इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात बोर्डन येथे झाला. शिक्षण ईटनच्या प्रसिद्ध शाळेत आणि नंतर सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत. मोटारीचे वेड मात्र त्याही आधीचे. १९३६ साली, वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, बेल्जियममधील स्पा येथील चोवीस तासांच्या शर्यतीत ते ट्रायम्फ गाडी घेऊन उतरले होते. पुढे त्यांच्या हाती 'रेमस' नावाची ईआरए गाडी आली. सयामच्या राजघराण्यातील प्रिन्स बिरा यांनी ही गाडी चालवून आधीच गाजविली होती. १९३९च्या एप्रिलमध्ये डॉनिंग्टन येथे झालेली ब्रिटिश एम्पायर ट्रॉफीची शर्यत रोल्ट यांनी याच गाडीतून जिंकली. त्या वेळी ते वीस वर्षांचे होते. पाच महिन्यांत महायुद्ध सुरू झाले.

मे १९४० मध्ये जर्मन रणगाडे फ्रान्सच्या किनाऱ्यावर धडकत असताना रोल्ट यांच्या रायफल ब्रिगेडची पहिली तुकडी कॅले बंदरात उतरली. तेथील सैनिकांना माघार मिळणार नाही, शेवटपर्यंत लढावे, असा लंडनचा आदेश होता. जवळच डंकर्कला अडकलेल्या मोठ्या सैन्याला सुटकेसाठी अवधी मिळावा, हा त्यामागील हेतू. कॅलेच्या प्रतिकारामुळे तो अवधी खरोखरच मिळाला की नाही, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. लढणाऱ्यांच्या शौर्याविषयी मात्र नाहीत. २६ मे रोजी कॅले पडले आणि रोल्ट युद्धकैदी झाले. या लढाईतील कामगिरीबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस देण्यात आला.

शर्यतीच्या चालकासाठी विशीतील वर्षे म्हणजे ऐन भराची. रोल्ट यांची ती जवळजवळ सगळी काटेरी तारांमागे गेली. एका छावणीतून पळावे, पकडले जावे, पुढच्या छावणीत पुन्हा तोच उद्योग मांडावा, असा क्रम चालला. असे सात प्रयत्न झाले. एकदा तर स्वित्झर्लंडची सीमा अगदी जवळ आली असताना ते सापडले. या चिकाटीसाठी त्यांना मिलिटरी क्रॉस दुसऱ्यांदा मिळाला. जर्मनांनी त्यांची वेगळी दखल घेतली. वारंवार पळणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या सॅक्सनीतील कोल्डिट्झच्या किल्ल्यात त्यांची रवानगी झाली. (याच किल्ल्यात काही काळ बिरेंद्रनाथ मजुमदार हे ब्रिटिश लष्करातील भारतीय डॉक्टरही बंदी होते. उपोषण करून त्यांनी भारतीय कैद्यांच्या छावणीत बदली मिळविली आणि पुढे निसटून स्वित्झर्लंड गाठले. त्यांची कथा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

कोल्डिट्झमध्ये भुयारे खणून झाली, वेषांतरे झाली, दोरावरून उतरणे झाले. पहारेकरी सगळे ओळखून होते. रोल्ट यांनी पाहिले ते निराळेच. किल्ल्यातील प्रार्थनामंदिराच्या उंच छपराचा एक भाग खालच्या पहारेकऱ्यांच्या नजरेत येत नव्हता. जमिनीवरून आणि जमिनीखालून मार्ग बंद असतील, तर छपरावरून हवेत का जाऊ नये? त्यांनी ही कल्पना बिल गोल्डफिंच आणि जॅक बेस्ट या वैमानिकांपुढे मांडली आणि दोन माणसे बसतील अशा ग्लायडरचे काम सुरू झाले.

विमानाची रचना समजावून सांगणारे एक पुस्तक कैद्यांच्या ग्रंथालयातच सापडले. असे पुस्तक तेथे राहू देणाऱ्या जर्मनांच्या गाफीलपणाचे नवलच वाटते. छपराखालच्या माळ्यावर खोटी भिंत उभारून तिच्याआड कारखाना थाटला गेला. पलंगाच्या फळ्या आणि जमिनीचे तक्ते यांतून सांगाडा तयार झाला. विजेच्या तारा नियंत्रणासाठी वापरल्या गेल्या. पंखांवर झोपण्याच्या पिशव्यांचे निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे कापड चढविले आणि ते ताणून घट्ट बसावे म्हणून त्यावर शिजवलेल्या भरड धान्याची खळ फासली. पंखांचा विस्तार सुमारे १० मीटर होता. उड्डाणाची युक्तीही तेवढीच अजब : काँक्रीटने भरलेला आंघोळीचा टब दोराला बांधून उंचावरून खाली सोडायचा, त्याच्या ओढीने ग्लायडर छपरावरून सुटायचे आणि मुल्डे नदीपलीकडच्या कुरणात उतरायचे.

ते उड्डाण झाले नाही. मार्च १९४४ मध्ये दुसऱ्या एका छावणीतून पळालेल्या पन्नास अधिकाऱ्यांना पकडून गोळ्या घालण्यात आल्या होत्या आणि पळणे हा आता जिवाचा खेळ झाला होता. ग्लायडर अखेरच्या आणीबाणीसाठी राखून ठेवायचे ठरले. १९४५च्या एप्रिलच्या मध्यास अमेरिकी सैन्य किल्ल्यात शिरले, तेव्हा ते माळ्यावर तयार उभे होते. त्याचे एकच छायाचित्र उरले. पुढे हा प्रदेश रशियनांच्या ताब्यात गेला आणि मूळ ग्लायडर नाहीसे झाले.

सुटका झाली तेव्हा रोल्ट २६ वर्षांचे होते. गेलेल्या पाच वर्षांचे भांडवल करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १९४८ साली त्यांनी लष्कराचा निरोप घेतला आणि पुन्हा शर्यतीत रस घेतला. त्याच वर्षी हॉलंडमधील झांडफूर्टच्या शर्यतीत ते जुन्या अल्फा रोमिओतून दुसरे आले. थोडक्यात पहिले आले ते प्रिन्स बिरा! जागतिक विजेतेपदाची पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी सिल्व्हरस्टोनला झाली. तीत रोल्ट यांनी पीटर वॉकर यांच्यासह एकच ईआरए गाडी आळीपाळीने चालविली. फॉर्म्युला वनमधील त्यांची कारकीर्द एवढीच की १९५० ते १९५५ या काळात ते तीन ब्रिटिश ग्रांप्रींत उतरले आणि एकाही गुणाची कमाई झाली नाही. केवळ तक्ते पाहणाऱ्याला त्यांचे मोल कळणार नाही.

आपल्याकडे 'हौशी' हा शब्द थोडा हिणवून वापरला जातो. हौशी रंगभूमीच्या कलावंतांना त्याचा अनुभव असेलच. रोल्ट त्या शब्दाच्या मूळ अर्थाने हौशी होते. शर्यत हे त्यांच्या उपजीविकेचे साधन नव्हते. पण काम हाती घेतले की त्यात ढिलाई नसे. ले मान्ससारख्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत हाच गुण लागतो. तेथे एका फेरीचा वेग दाखविण्यापेक्षा गाडी चोवीस तास सांभाळून नेणे महत्त्वाचे असते. १९५० साली रोल्ट आणि हॅमिल्टन यांनी नॅश-हिली गाडीतून तेथे चौथा, तर १९५१ मध्ये सहावा क्रमांक मिळविला होता.

१९५३च्या शर्यतीचे खरे मर्म मद्यात नव्हे, ब्रेकमध्ये होते. ले मान्सच्या मार्गावर त्या काळी जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळ पट्टा होता. त्याच्या अखेरीस प्रचंड वेगातील गाडी एकदम आवरावी लागे. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम ब्रेक तापून हळूहळू निकामी होत. जग्वारच्या सी-टाइप गाड्यांना डनलॉप कंपनीच्या साहाय्याने विकसित केलेले डिस्क ब्रेक होते. उघड्या चकतीला वारा लागत असल्याने ते लवकर थंड होत, म्हणून चालकाला वळणाच्या अधिक जवळ जाऊन ब्रेक दाबता येई. इटलीचे अस्कारी आणि व्हिलोरेसी यांनी फेरारीतून कडवी लढत दिली, पण त्यांची गाडी टिकली नाही. रोल्ट आणि हॅमिल्टन यांनी ३०४ फेऱ्यांत ४ हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापले. सरासरी वेग ताशी १७० किलोमीटर पडला. ताशी शंभर मैलांची सरासरी ले मान्समध्ये प्रथमच ओलांडली गेली. स्टर्लिंग मॉस आणि पीटर वॉकर यांची जग्वार दुसरी आली. त्याच पंधरवड्यात एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी आली होती आणि राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक पार पडला होता, त्यामुळे ब्रिटनमध्ये या विजयाचे कौतुक दुप्पट झाले. पुढल्या वर्षी हीच जोडी नव्या डी-टाइपमधून पावसात लढली आणि चोवीस तासांनंतर अवघ्या चार किलोमीटरच्या फरकाने फेरारीकडून हरली. १९५५च्या ले मान्समध्ये गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्या शर्यतीतही रोल्ट होते. त्याच वर्षी त्यांनी स्पर्धेतून निवृत्ती घेतली.

त्यानंतरचे काम कमी लोकांना माहीत आहे, आणि खरे तर तेच जास्त टिकले. फ्रेडी डिक्सन या जुन्या शर्यतवीराबरोबर रोल्ट यांनी चारही चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारीचे प्रयोग सुरू केले होते. त्यांना पाठबळ मिळाले हॅरी फर्ग्युसन यांचे. आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाच्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरवरील 'फर्ग्युसन' म्हणजे हेच. नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडण्याची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत त्यांचीच. ट्रॅक्टर शेतात रुतू नये, तशी मोटार ओल्या रस्त्यावर घसरू नये, हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या संशोधन कंपनीची सूत्रे रोल्ट यांच्याकडे आली. १९६० मध्ये फर्ग्युसन वारले. पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर १९६१ रोजी, कंपनीच्या 'पी ९९' गाडीतून मॉस यांनी ओल्टन पार्कची गोल्ड कप शर्यत जिंकली. ही शर्यत जागतिक विजेतेपदासाठी धरली जात नव्हती. तरी चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकल्याचे ते एकमेव उदाहरण आहे.

शर्यतीपेक्षा रोल्ट यांचे लक्ष रस्त्यावरच्या मोटारीकडे होते. १९६६ साली आलेल्या जेन्सन एफएफ या गाडीत हे तंत्र आणि चाके जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा एकत्र आली. किंमत भारी असल्याने गाड्या थोड्याच खपल्या. १९७१ मध्ये रोल्ट यांनी एफएफ डेव्हलपमेंट्स ही स्वतःची कंपनी काढली. तिने विकसित केलेल्या जोडणीत घट्ट सिलिकॉन द्रवात पातळ चकत्या फिरतात. एका बाजूची चाके घसरून वेगाने फिरू लागली की द्रव विरोध करतो आणि शक्ती दुसरीकडे वळते. चालकाला काही करावे लागत नाही. १९८०च्या सुमारास ही जोडणी अमेरिकेतील एएमसी ईगलसारख्या सामान्य ग्राहकांच्या गाड्यांत बसली.

६ फेब्रुवारी २००८ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी रोल्ट यांचे निधन झाले. चार वर्षांनंतर, मार्च २०१२ मध्ये, केंब्रिज विद्यापीठाचे अभियंते ह्यू हंट यांच्या पुढाकाराने त्या ग्लायडरची पूर्ण आकाराची प्रतिकृती कोल्डिट्झच्या छपरावर चढविण्यात आली. आत माणसाऐवजी पुतळा होता. काँक्रीटचा टब खाली सोडला गेला, ग्लायडर छपरावरून सुटले आणि नदी ओलांडून पलीकडच्या कुरणात उतरले.