भोकरदनचा हस्तिदंत आणि घरची वाकळ

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, लढाया, सनदा आणि वंशावळी उभ्या राहतात. ज्या घरांतून तीं माणसें लढाईस बाहेर पडलीं, त्या घराची भिंत कशी होती, ओसरीवर काय अंथरलेलें होतें, कोनाड्याभोंवतीं कोणी गेरूचीं दोन बोटें ओढलीं होतीं काय, याची चौकशी करण्याचें आपणांस सहसा सुचत नाहीं. तथापि स्वल्प खर्चांत, आपल्या हातांनीं घर सुशोभित करण्याची कला आजकालच्या हौशी मंडळींनीं शोधून काढलेली नाहीं. तिलाहि इतिहास आहे. तो फारसा लिहिला गेला नाहीं, इतकेंच. जालना जिल्ह्यापुरता त्याचा एक धागा हातीं घेऊन पाहावा, असा आमचा प्रस्तुत विचार आहे.

आरंभ भोकरदनपासून करूं. केळणा नदीच्या कांठीं वसलेलें हें तालुक्याचें गांव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपास ज्यांनीं दानें दिलीं त्यांत या गांवचे लोक होते, असें तेथील शिलालेख सांगतात. १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं डॉ. देव व डॉ. गुप्ते यांच्या देखरेखीखालीं येथें उत्खनन केलें. मणी, शंखाच्या बांगड्या, भाजलेल्या मातीच्या मूर्ति यांबरोबर हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्तिहि मिळाली. तिचें जवळचें साम्य आहे तें थेट इटलींतील पाँपेई शहरीं १९३८ सालीं सांपडलेल्या भारतीय मूर्तीशीं. पाँपेई इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेव्हां ती वीतभर उंचीची मूर्ति त्यापूर्वींच समुद्रापार पोंचली होती हें उघड आहे. आज ती नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. ती लहान मेजाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी, असा पंडितांचा तर्क आहे. म्हणजे अखेर ती श्रीमंताच्या घरची सजावटच!

हस्तिदंत टिकतो, म्हणून त्याचा इतिहास होतो. पण ज्यांना हस्तिदंत परवडत नव्हता त्यांनीं आपलीं घरें कशानें सजविलीं? त्याचा पुरावा टेकाडांत मिळावयाचा नाहीं, कारण तीं साधनेंच मुळीं मातीस मिळणारीं. याकरितां अलीकडच्या चालीरीतींकडे वळलें पाहिजे. मराठवाड्यांतील जुनें घर म्हणजे माळवदाचें. तुळयांवर लाकडें अंथरून त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेला. ही माती बहुधा गांवच्या जुन्या वस्तीच्या जागेवरूनच आणीत. शेत ती काळी आणि वस्ती ती पांढरी, असा आपला जुना शब्दव्यवहारच आहे. पूर्वजांच्या पडलेल्या घरांची माती अशी नातवंडांच्या छपरावर चढे, आणि पोतेऱ्यानें भिंतीवरहि फिरे. जमीन शेणानें सारवावयाची, कडेनें पांढरा पट्टा ओढावयाचा, कोनाड्यास गेरूची चौकट, अंगणांत सडा व शिरगोळ्याची रांगोळी. नागपंचमीस भिंतीवर नाग, दिवाळीस शेणाचे पांडव. यांत विकत घ्यावयाचें तें थोडें. बाकी सारें हाताशीं असलेलें.

या कलेचा मुकुटमणि मात्र वाकळ. नऊवारी सुती लुगडें नेसून नेसून विरलें, कीं त्याचा धड राहिलेला भाग वाकळेच्या कामीं येई; धोतराचे, खणाच्या चोळ्यांचे, मुलांच्या अंगरख्यांचे तुकडे वर ठिगळ म्हणून बसत. उन्हाळ्यांत शेताचें काम नसतां दोघी-तिघी शेजारणी ओसरीवर वाकळ पसरून तिच्या कडांशीं बसत. कांठापासून धांवदोरा सुरू होई, आणि कडेशीं समांतर ओळी घालीत घालीत मध्यापर्यंत जाई. त्यामुळें साऱ्या वाकळेवर एकींत एक बसविलेल्या चौकटी उमटत. बाजारांतून यावयाची ती सुई, आणि फार तर दोरा.

यावर कोणी म्हणेल, कीं ही कला नव्हे, हें दारिद्र्य. नवें पांघरूण घेण्याची ऐपत असती तर कोणती बाई डोळे फोडीत ठिगळें शिवीत बसली असती? हा आक्षेप खरा आहे, व त्यास सौंदर्याच्या गप्पांनीं उत्तर देणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील बायांनीं खडी फोडली आहे. अभावास गोंडस नांव देण्याचा अधिकार आपणांस नाहीं. परंतु गरजेनें वाकळेचा निम्माच उलगडा होतो. ऊब देण्यास कोणतेंहि ठिगळ कोठेंहि चालतें. मग तांबड्याशेजारीं हिरवेंच यावें, खणाचा एकुलता तुकडा बरोबर मध्यावर पडावा, कोंपऱ्यांचीं ठिगळें एकमेकांस जुळावीं, हा हट्ट कशासाठीं? थंडी त्यानें तसूभरहि अधिक अडत नाहीं. हा जो गरजेपलीकडचा टांका, तोच कलेचा. मेजाचा पाय साधा लांकडी असता तरी मेज उभें राहिलेंच असतें. तेथें जी जास्तीची गोष्ट हस्तिदंतानें साधली, ती येथें चिंधीनें साधली आहे. मोल भिन्न, वृत्ति एक.

१९०० च्या सुमारास जालन्यास आगगाडी आली, आणि दूरचा गिरणीचा माल सुलभ झाला. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत काढलेल्या छापखान्याचीं चित्रें मध्यम स्थितींतल्या मराठी घरांच्या भिंतींवर चढलीं होतीं. तरी हाताची हौस निमाली नाहीं. गृहिणींनीं छापील लक्ष्मी-सरस्वतींस टिकल्या व जरीचे तुकडे चिकटवून नटविलें; कांचमण्यांचीं तोरणें ओंवून दारावर लाविलीं; रुखवतांत लोकरीचीं फुलें मांडलीं. यंत्राच्या वस्तूसहि आपला हात लागल्याखेरीज ती आपली मानावयाची नाहीं, असाच जणूं त्यांचा बाणा होता. खरा घाव पुढें बसला. सिमेंटच्या छतास पांढरी माती लागत नाहीं. आणि कृत्रिम धाग्याचें पातळ सुती लुगड्यासारखें मऊ पडत नाहीं, घामहि टिपत नाहीं. वाकळेचें साहित्यच घरांतून निघून गेलें. शिवणारणीचे कष्ट वांचले, याचें दुःख नाहीं. तिचें कसब आणि तिचें नांव हीं दोन्ही पुसलीं जात आहेत, याचें आहे.

इंग्लंडांत विल्यम मॉरिस यानें १८६१ सालीं हस्तकलेची पेढी काढली. कला सर्वांची व्हावी ही त्याची तळमळ. पण हातानें केलेला माल महाग पडून बहुतेक धनिकांच्याच दिवाणखान्यांत गेला. आज शहरांतील दुकानांत ‘हस्तनिर्मित’ म्हणून ठिगळांच्या चादरी ज्या दरानें विकल्या जातात, तो पाहतां आपल्याकडेहि तेंच घडत आहे. बंगालमध्यें गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्यानें खेडोपाडींच्या कांथा जमविल्या. कांथा म्हणजे तिकडची वाकळच. पण तिला संग्रहालयांत मानाची जागा मिळाली. पुण्यास दिनकर केळकरांनीं दिवे, अडकित्ते अशा नित्याच्या वस्तूंचा थोर संग्रह केला व १९७५ सालीं तो राज्य सरकारच्या स्वाधीन केला. जालन्याच्या वाकळेस असा वाली हवा आहे.

तोंवर वाचकांस आमची एवढीच विनंति, कीं घर सजविण्यासाठीं दुकानाकडे धांव घेण्यापूर्वीं एकदां घरांतल्या पेटींतील जुनें लुगडें काढून पाहावें. आजीची वाकळ असेल तर ती पोतेऱ्यास न देतां, कोणतें ठिगळ कोणाचें हें तिला विचारून लिहून ठेवावें. सांचीच्या दगडावर भोगवर्धनच्या दात्यांचीं नांवें दोन हजार वर्षें टिकलीं; वाकळेच्या उलट बाजूस, एका कोंपऱ्यांत, शिवणारणीचें नांव दोऱ्यानें घालावयास दोन घटका पुरे आहेत.