डोनट तळणाऱ्या स्वयंसेविका

१९१७ चा शरद ऋतू. फ्रान्समधील मोंतिए या खेड्यात पावसाने भिजलेले अमेरिकी सैनिक घरच्या आठवणीने खचले होते. त्यांना काही गोड करून द्यावे, असे साल्व्हेशन आर्मीच्या हेलन परव्हियन्स आणि मार्गारेट शेल्डन यांच्या मनात आले. जवळ पीठ, साखर, चरबी आणि डब्यातले दूध एवढेच; केक भाजायला भट्टी नव्हती. मग मद्याची रिकामी बाटली लाटणे झाली आणि लहानशा कढईत डोनट तळले जाऊ लागले. पहिल्या दिवशी जेमतेम १५० झाले; रांग त्याहून कितीतरी मोठी होती.

(अमेरिकी सैनिकांना ‘डोबॉय’ हे नाव या डोनटांवरून पडले, असे सर्रास सांगतात. ते खरे नव्हे. हा शब्द १८४० च्या दशकातील मेक्सिको युद्धापासूनचा आहे.)

संस्थेने अशा सुमारे २५० स्वयंसेविका फ्रान्सला पाठवल्या. आघाडीजवळ राहून त्यांनी सैनिकांचे फाटके कपडेही शिवले, घरी धाडायची पत्रेही लिहून दिली. माझ्या मते सैनिकांना खरा धीर दिला तो याच कामांनी. पण लोकांच्या लक्षात राहिला तो पदार्थ.

१९३८ मध्ये, महामंदीच्या काळात, शिकागोत त्यांच्या सन्मानार्थ आणि निधीसंकलनासाठी ‘डोनट दिन’ सुरू झाला. जूनच्या पहिल्या शुक्रवारी तो अमेरिकेत आजही पाळतात.