मैदान हरवलं होतं, गायरान नाही

2005 साली गॉर्डन अर्विन नावाचा गोल्फ कोर्सचा जाणकार मासेमारीच्या निमित्ताने साउथ उइस्ट या बेटावर गेला. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर, अटलांटिक महासागराच्या तोंडावर असलेलं हे बेट. वस्ती दोन हजारांच्या आत. झाडं जवळजवळ नाहीत, वारा मात्र बाराही महिने. तिथे अ‍ॅस्कर्निश नावाच्या वाडीजवळ एक छोटा गोल्फ क्लब होता. सपाट माळावर नऊ होल, मोजके सभासद. पण क्लबचा प्रमुख राल्फ थॉम्पसन ठामपणे सांगायचा, ‘आमचा कोर्स ओल्ड टॉम मॉरिसने आखलाय.’

आपल्याकडे एखाद्या गावाने ‘आमच्या वाड्यात शिवाजी महाराज राहून गेले’ असं सांगावं, तसलाच हा दावा. टॉम मॉरिस म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या गोल्फमधला सगळ्यात मोठा माणूस. 1821 मध्ये सेंट अँड्रूजला जन्मला, ब्रिटिश ओपन चार वेळा जिंकला आणि सेंट अँड्रूजच्या प्रसिद्ध मैदानाची देखभाल त्याने अनेक वर्षं केली. मुलगाही त्याच नावाचा आणि तितकाच नावाजलेला खेळाडू, म्हणून बाप ‘ओल्ड टॉम’. अर्विनला ते सपाट मैदान बघून दावा पटेना. मग तो शेजारच्या वाळूच्या टेकड्यांत शिरला. तिथल्या उंचसखल गवतात त्याला एकामागून एक जागा दिसत गेल्या: इथून चेंडू मारला असणार, तिथे होल असणार. गोल्फच्या जगात बातमी पसरली की ओल्ड टॉमचा हरवलेला कोर्स सापडला.

गोष्ट छानच आहे. पण ‘हरवलेला’ म्हणजे कोणाच्या लेखी, हा प्रश्न विचारला की तिच्या पोटातून दुसरी, जास्त जुनी गोष्ट बाहेर येते.

त्याआधी हे मैदान असतं कसं ते बघू. टीव्हीवर दिसणारा गोल्फ कोर्स म्हणजे हिरवागार गालिचा, तळी, कारंजी आणि ओळीने लावलेली झाडं. गोल्फ जिथे वाढला तिथे यातलं काहीच नव्हतं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्या मध्ये वाळूचा एक चढउतारांचा पट्टा असतो. नांगर चालवायला तो बहुतेक ठिकाणी कुचकामी. त्याला ‘लिंक्स’ म्हणतात. वाळूमुळे पावसाचं पाणी लगेच मुरतं. वारा आणि खारी हवा गवताला वाढू देत नाहीत. जे काही उगवतं ते मेंढ्या आणि ससे कुरतडून बुटकं ठेवतात. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या जिथे बसायच्या तिथे खड्डे पडले, आणि गोल्फमधले वाळूचे ‘बंकर’ त्यातून आले असं सांगतात. थोडक्यात, मैदान माणसाने बांधलंच नाही. वारा, वाळू आणि गुरं यांनी ते आधीच तयार करून ठेवलं होतं. टॉम मॉरिससारख्या माणसाचं काम एवढंच, की सकाळी फेरफटका मारायचा, नैसर्गिक सपाट जागा हेरायच्या आणि तिथे खुंट्या ठोकायच्या. या कामाचे तो दिवसाला एक पाउंड घेई.

अशा मैदानावर खेळायची रीतही वेगळी. चेंडू उंच उडवला की वारा त्याचं काय करेल याचा भरवसा नाही. म्हणून तो खाली ठेवायचा, जमिनीवर टप्पा घेऊन घरंगळू द्यायचा. जमीन कडक आणि वाकडीतिकडी असल्याने सरळ मारलेला फटका भलत्याच बाजूला जातो आणि चुकलेला कधीकधी होलजवळ येऊन थांबतो. अ‍ॅस्कर्निशला सुरुवातीचे होल तुलनेने सपाट माळावर आहेत. मग वाट टेकड्यांत चढते आणि एकदम समुद्र समोर येतो. अकराव्या होलचं नाव ‘बारा साइट’, कारण तिथून दक्षिणेचं बारा बेट दिसतं. सोळाव्याचं नाव ‘ओल्ड टॉम्स पल्पिट’, म्हणजे ओल्ड टॉमचं व्यासपीठ. इथे रासायनिक खतं आणि कीटकनाशकं वापरत नाहीत.

या किनारी माळाला गेलिक भाषेत ‘माखर’ म्हणतात. गणपतीच्या मखराशी त्याचा संबंध नाही, पण उन्हाळ्यात तो फुलतो तेव्हा शोभा तशीच असते. शिंपल्यांचा चुरा वाऱ्याने आत आणून टाकला, त्यावर पिढ्यान्पिढ्या लोकांनी समुद्रातलं शेवाळ खत म्हणून पसरलं, गुरं चारली, थोडं धान्य पेरलं. हे सगळं करणारे म्हणजे क्रॉफ्टर. क्रॉफ्ट म्हणजे कुळाकडे असलेला जमिनीचा छोटा तुकडा, आणि त्याच्या जोडीला गावाच्या सामाईक कुरणात चराईचा वाटा. आपल्या शब्दांत सांगायचं तर पदरची थोडी शेती आणि गावचं गायरान. बेटावरचं जगणं या दोन्हीवर उभं होतं. जमीन मात्र जमीनदाराची.

1838 नंतरच्या काही वर्षांत साउथ उइस्ट, बेनबेक्युला आणि बारा ही बेटं कर्नल जॉन गॉर्डन याने विकत घेतली. स्कॉटलंडमधल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी तो एक. टोबॅगो बेटावर त्याचे गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे होते. 1846 मध्ये बटाट्यावर रोग पडला, बेटांवर उपासमार सुरू झाली. गॉर्डनचा हिशेब सरळ होता: कुळांकडून भाडं येत नाही, मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांतून येईल. 1851 मध्ये त्याच्या बेटांवरून सुमारे 1,700 माणसं जहाजांत भरून कॅनडाला पाठवली गेली. सगळी राजीखुशीने गेली नाहीत. पळून डोंगरांत लपलेल्यांना शोधून, बांधून जहाजावर चढवल्याच्या साक्षी आहेत. कॅनडात उतरलेल्यांच्या अंगावर धड कपडेही नव्हते.

गॉर्डन 1858 मध्ये गेला. पुढे मुलगाही गेला आणि 1878 मध्ये सगळी मालमत्ता सुनेकडे, एमिलीकडे आली. तिने दुसरं लग्न केलं आणि ती लेडी गॉर्डन कॅथकार्ट झाली. 1932 मध्ये मरेपर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून जास्त काळ, ती या बेटांची मालकीण होती. एवढ्या वर्षांत ती एकदाच बेटावर आली असं म्हणतात.

दरम्यान स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर कुळांचा असंतोष पेटला होता. भाडं नाकारणं, कुरणांचा ताबा घेणं, पोलिसांशी झटापटी. 1883 मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर. हे गृहस्थ आपल्याकडेही येऊन गेलेले: 1866 ते 1872 मद्रासचे गव्हर्नर, आणि व्हाइसरॉय मेयो यांचा अंदमानात खून झाल्यावर काही काळ हंगामी व्हाइसरॉय. आयोगाने गावोगावी जाऊन कुळांच्या जबान्या घेतल्या, आणि 1886 मध्ये कायदा झाला. आता क्रॉफ्टरला मनात आलं म्हणून हुसकता येईना. भाडं वाजवी ठरवून मिळू लागलं. क्रॉफ्ट वारसाकडे जाऊ लागला. पण आधीच गेलेली जमीन या कायद्याने परत मिळाली नाही. सुपीक माळावरची मोठी शेतं इस्टेटीकडेच राहिली, आणि कुळं खडकाळ, दलदलीच्या बाजूला.

त्यानंतर पाचच वर्षांनी, 1891 मध्ये, लेडी कॅथकार्टच्या इस्टेटीने ओल्ड टॉमला बोलावलं. रेल्वे आणि आगबोटींमुळे तेव्हा शहरी पैसेवाले सुट्टीला किनाऱ्यावर येऊ लागले होते आणि गोल्फची लाट आली होती. सत्तरीचा टॉम होरेस हचिन्सन या नामवंत हौशी खेळाडूबरोबर आला, माखरावर हिंडला आणि त्याने अठरा होल आखून दिले. जागा त्याला फार आवडली म्हणतात. तो खेळातला साधा, कष्टकरी घरातला माणूस. या जमिनीच्या भांडणाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पण ज्या माळावर त्याने खुंट्या ठोकल्या तो रिकामा का होता, याचं उत्तर त्या भांडणातच होतं.

भांडण संपलंही नव्हतं. बाराजवळच्या व्हॅटरसे बेटावर भूमिहीन माणसांनी लेडी कॅथकार्टच्याच जमिनीवर झोपड्या बांधून बटाटे लावले. तिने कोर्टात खेचलं आणि 1908 मध्ये दहा जणांना दोन महिन्यांची कैद झाली. लोकमत एवढं खवळलं, की त्यांना मुदतीआधी सोडावं लागलं आणि पुढच्याच वर्षी सरकारने ते बेट विकत घेऊन तिथे क्रॉफ्ट पाडले. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना जमिनीचं आश्वासन दिलेलं होतं. 1919 च्या कायद्यानंतर या भागातली आणखी मोठी शेतं मोडून कुळांना वाटली गेली.

गोल्फची पीछेहाट याच काळातली. 1930 च्या दशकात अ‍ॅस्कर्निशच्या सपाट माळावर छोटी विमानं उतरू लागली. मालकीण गेली, पाहुणे आटले. टेकड्यांतल्या होलांवर गवत कापायला कोणी राहिलं नाही. काही स्थानिक लोक सपाट भागात खेळत राहिले, म्हणून क्लबचं नाव तरी टिकलं. टेकड्यांत मात्र पुन्हा गुरं आणि मेंढ्या चरू लागल्या. गोल्फच्या इतिहासात याला ‘कोर्स हरवला’ म्हणतात. क्रॉफ्टरच्या इतिहासात काहीच हरवलं नव्हतं, उलट गायरान परत मिळालं होतं.

म्हणूनच 2005 नंतर थॉम्पसन, अर्विन आणि स्वयंसेवकांनी टेकड्यांतले होल पुन्हा जिवंत करायला घेतले तेव्हा काही क्रॉफ्टर अस्वस्थ झाले. ते गोल्फचे वैरी नव्हते. चराईचा हक्क आमचा, त्यावर मैदान येणार तर आमचं म्हणणं कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. आज गवत कापाल, उद्या हॉटेल आणि बंगले आणाल. प्रकरण स्कॉटलंडच्या जमीनविषयक न्यायालयात गेलं.

या वादात एक पेच होता. 1891 साली समोर परकी जमीनदारीण होती. आता ती नव्हती. 30 नोव्हेंबर 2006 रोजी बेटावरच्या लोकांनीच स्थापन केलेल्या ‘स्टोरास उइश्त’ या संस्थेने सगळी इस्टेट विकत घेतली होती: सुमारे 93,000 एकर, किंमत 45 लाख पाउंड. ज्या बेटावरून माणसं बांधून नेली गेली, त्याची मालकी दीडशे वर्षांनी तिथल्या माणसांकडे आली. या नव्या मालकाला कोर्स हवा होता, कारण बेटावर नोकऱ्या नाहीत, तरुण निघून जातात, आणि ओल्ड टॉमच्या नावाने जगभरातून खेळाडू येतील. वादाच्या दोन्ही बाजूंना आता शेजारी होते. एकाला मुलं गावात टिकायला हवी होती, दुसऱ्याला आजोबांनी मिळवलेला हक्क. खलनायक शोधायला गेलं तर सापडत नाही, आणि म्हणूनच तिढा खरा होता.

आणखी एक गोष्ट इतिहास म्हणून नोंदवायला हवी. ओल्ड टॉमने काढलेला या कोर्सचा नकाशा उपलब्ध नाही. 2008 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेले अठरा होल नेमके त्याचेच आहेत, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. अर्विन आणि मार्टिन एबर्ट या आरेखनकाराने जमीन वाचून अंदाज बांधले. फार खणाखणी केली नाही, जिथे जमीन स्वतःच मैदानासारखी होती तिथेच होल ठेवले. शंका घेणारे म्हणतात, ही एकोणिसाव्या शतकाच्या पद्धतीने केलेली नवी आखणी आहे. असेल. पण पद्धत तीच असेल, तर ती जागा हेरण्याजोगी राहिली कोणामुळे? मधल्या सत्तरेक वर्षांत त्या टेकड्यांवर इमारती उभ्या राहिल्या नाहीत, कारण ते चराईचं रान होतं आणि ते कायद्याने कुळांकडे होतं. अर्विनला गवताखाली जे दिसलं, ते क्रॉफ्टरच्या हक्काने सांभाळून ठेवलं होतं.

आज अ‍ॅस्कर्निशला जायचं तर मॅलेग बंदरातून बोटीने सुमारे साडेतीन तास लागतात, तेही समुद्राची मर्जी असेल तर. उन्हाळ्यात खेळाडू येतात, वाऱ्याशी झगडतात. हिवाळ्यात मैदानावर गुरं आणि मेंढ्या सोडतात. वसंतात खेळ रंगात येतो तेव्हा फेअरवेवर खुरांचे ठसे असतात, शेणाच्या गोवऱ्या वाळत पडलेल्या असतात, आणि चेंडू त्यातच जाऊन बसला तर तिथल्या रिवाजानुसार कोणी फार तक्रार करत नाही. गवत आखूड राखायचं काम गुरांनी केलेलं असतं, आणि या माळावर तो हक्क त्यांचा जुना आहे.