दानाची अट

सणासुदीला हा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. आमच्या नवी पेठेतल्या कोणाही व्यापाऱ्याला विचारा: सावकाराने आपल्या रकमेचा हिशेब मागणे रास्त, पण आमच्या पदरच्या पैशाने काय विकावे, हेही तोच ठरवू लागला तर?

ऑगस्ट १९८४ मध्ये नेमके तेच घडले. मेक्सिको शहरातील लोकसंख्या परिषदेत अमेरिकेच्या रेगन सरकारने जाहीर केले की, जी परदेशी संस्था कुटुंबनियोजनाचा मार्ग म्हणून गर्भपाताची सेवा देईल वा पुरस्कार करील, मग तो स्वतःच्या पैशाने का होईना, तिला कुटुंबनियोजनाची मदत मिळणार नाही. आपल्याकडे तर १९७१ च्या कायद्याने गर्भपाताला ठरावीक मर्यादेत मान्यता दिलेली!

आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघ जन्मला १९५२ साली, मुंबईच्या परिषदेत. १९८४ मध्ये त्याच्या अध्यक्षा होत्या मुंबईच्याच आवाबाई वाडिया. महासंघाने अट नाकारली आणि अमेरिकन सरकारच्या अनुदानावर पाणी सोडले. पुढे क्लिंटन यांनी १९९३ मध्ये ती उठवली, बुश यांनी २००१ मध्ये परत आणली. असा लपंडाव चालत २०२५ मध्ये ती पुन्हा लागू झाली.

गर्भपाताविषयी मतभेद असोत. पण दारी आलेल्या बाईला तिच्याच देशाच्या कायद्याने दिलेली वाट डॉक्टरने सांगू नये, ही अट मला दानाची वाटत नाही.