पर्वताच्या मुळांची कुळकथा

भिंत सरळ आहे की नाही, हे गवंडी ओळंब्याने ठरवतो. भारताची मोजणी करणाऱ्यांचाही भरवसा त्याच्यावरच होता. ताऱ्यांवरून अक्षांश काढायचा तर डोक्यावरचा बिंदू नेमका कळायला हवा, आणि तो ओळंब्याच्या दिशेवरूनच ठरतो. विल्यम लॅम्बटन यांनी दक्षिणेत सुरू केलेली मोजणीची रेषा उत्तरेकडे येत असताना, १८२३ मध्ये, ते आपल्या हिंगणघाटला वारले. ते काम पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेलं.

मध्य भारतातलं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना या ठाण्यांमधलं अंतर दोन रीतींनी निघालं: जमिनीवर त्रिकोण मोजून आणि तारे पाहून. उत्तरं जुळेनात. फरक ५.२३६ विकलांचा, म्हणजे सुमारे सहाशे किलोमीटरांत जेमतेम १६० मीटर. एव्हरेस्ट यांना तो मोजणीत साठत गेलेल्या चुकांचा परिणाम वाटला.

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट उत्तम गणिती होते. त्यांनी हिमालयाकडे बोट दाखवलं: एवढा प्रचंड डोंगर ओळंब्याला आपल्याकडे ओढणारच, आणि कलियाना त्याच्या जवळ. पर्वताची ओढ मोजण्याचा प्रयत्न फ्रान्सच्या प्येर बूगे यांनी १७३८ मध्येच चिंबोराझोपाशी केला होता. ती अपेक्षेपेक्षा फार कमी भरली होती. प्रॅट यांनी हिमालय आणि त्यामागच्या पठाराच्या वस्तुमानाचा चिकाटीने हिशेब केला. उत्तर आलं सुमारे १५.९ विकला. मोजलेला फरक याच्या एक तृतीयांशच होता! स्वतःच्या सिद्धान्ताशी न जुळणारा हा आकडा त्यांनी १८५५ मध्ये जसाच्या तसा प्रसिद्ध केला. या साऱ्या कथेत मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

त्याच वर्षी इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवलं. पृथ्वीचं कवच नुसत्या ताकदीवर असा भार पेलू शकत नाही; पर्वत खालच्या जड थरावर तरंगत असला पाहिजे. पाण्यावरचा जाड ओंडका जास्त वर येतो आणि जास्त खोलही बुडतो, तशी उंच पर्वताखाली हलक्या खडकाची मुळं खोल गेलेली असणार. तिथे जड खडक कमी, म्हणून ओढही कमी. प्रॅट यांनी १८५९ मध्ये वेगळा विचार मांडला: उंच भागाखालच्या खडकाची घनताच कमी असेल. या समतोलाला 'आयसोस्टसी' हे नाव मिळालं ते क्लॅरेन्स डटन यांच्याकडून, १८८२ मध्ये.

पुढे भूकंपलहरींनी मुळांची खोली दाखवली. तिबेटखाली कवच सुमारे ७० किलोमीटर जाड आहे, सर्वसाधारण खंडाच्या जवळजवळ दुप्पट. हिमालयाबाबत एअरी बरोबर ठरले. प्रॅट यांचा विचार लागू पडतो तो महासागरांच्या तळाशी असलेल्या पर्वतरांगांना. तिथला खडक तापून हलका झालेला असतो.